गाव गेलं, आता गावकी कशी राखायची?

प्रश्न : ताई नमस्कार, भुसावळहून लिहितेय. माझं माहेर हतनूर धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे गल्ली न् गल्ली आठवते. गावाची माणसं पांगली, काही नव्या गावठाणात, काही इथं भुसावळ-जळगावला, बरीच सुरतला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या मारुतीच्या पाराचा चौथरा वर येतो आणि तेवढ्यापुरते ग्रुपवर फोटो फिरतात, मग परत सगळं शांत. यंदा माझा भाचा कामासाठी चिली देशात गेला होता, त्याने तिथल्या वाळवंटातल्या हंबरस्टोन नावाच्या ओस गावाचे फोटो पाठवले, खाणकामाचं गाव, १९६० पासून तिथं कोणी राहत नाही तरी तिथली माणसं दरवर्षी जमतात म्हणे. मी ते ग्रुपवर टाकलं तर लगेच आपणही स्मारक बांधू, कमान उभारू, वर्गणी काढू असं सुरू झालं, आणि चार दिवसांत पाटीवर कोणाची नावं यावरून भांडणं. आमचे म्हातारे एकेक करून चाललेत. आधी काय वाचवायचं? आमच्याकडे ना खाण ना वाळवंट, तरी त्या लोकांकडून काही घेण्यासारखं आहे का?
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : भाच्याने पाठवलेलं खरं आहे ताई, आणि घेण्यासारखं भरपूर आहे, म्हणून आधी त्या गावाबद्दलच सांगते.

चिलीच्या उत्तरेला अटाकामाचं वाळवंट आहे, जगातल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी एक. तिथल्या जमिनीत नत्राचा क्षार मिळायचा, सॉल्टपीटर म्हणतात त्याला, आपल्या सोऱ्याच्याच जातीचा. शेतीला खत म्हणून आणि स्फोटकांना म्हणून तो जगभर जायचा. त्यासाठी त्या माळावर दोनशेच्या वर वस्त्या उभ्या राहिल्या, कंपनीच्या मालकीच्या. हंबरस्टोन त्यातलीच एक, १८७२ साली ला पाल्मा या नावाने सुरू झालेली, इकीके बंदरापासून पन्नासेक किलोमीटर आत. पुढे जेम्स हंबरस्टोन या इंग्रज रसायन इंजिनिअरचं नाव तिला मिळालं. चिली, पेरू, बोलिव्हिया अशा तीन देशांचे मजूर तिथं एकत्र राहिले. पगार रोख नसायचा, कंपनीचे बिल्ले मिळायचे आणि ते कंपनीच्याच दुकानात चालायचे. हक्क मागायला ही माणसं १९०७ च्या डिसेंबरात इकीकेला उतरली तेव्हा सांता मारिया शाळेत त्यांच्यावर लष्कराने गोळीबार केला, तो दिवस २१ डिसेंबर, आजही तिथं विसरलेला नाही. पण त्याच वस्तीत नाटकगृह होतं, शाळा होती, लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलाव होता, लग्नं होत होती, पोरं मोठी होत होती.

मग जर्मनीत फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, १९१३ ला त्याचा कारखाना सुरू झाला आणि खाणीतल्या क्षाराची किंमत पडत गेली. आज आपण रावेर-यावलच्या केळीला जो युरिया टाकतो तो त्याच पद्धतीच्या अमोनियाचा. म्हणजे ज्या शोधाने आपलं शेत पिकलं त्याच शोधाने तिकडची गावं ओस पडली, आणि त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, जसं तुमच्या गावाला पाणी कुठवर येणार हे नकाशावरच ठरलेलं होतं तसंच. हे मला फार लागलं, म्हणून लिहितेय.

आता तुमच्या प्रश्नाचं. वस्ती उठली १९६० ला. चिली सरकारने ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली १९७० ला, पण लाकूड आणि पत्रे चोरीला जातच राहिले. एका संस्थेने ती जागा ताब्यात घेऊन नीट सांभाळायला सुरुवात केली २००२ ला, युनेस्कोच्या वारसा यादीत नाव लागलं २००५ ला, आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही, तिथून ती बाहेर आली २०१९ ला. बघा किती वर्षं गेली. इतकी वर्षं ते गाव धरून ठेवलं ते माणसांनी. त्या माळाला पांपा म्हणतात म्हणून ही माणसं स्वतःला पांपिनो म्हणवतात, गाव राहिलं नाही तरी त्यांनी ही ओळख सोडली नाही. दर नोव्हेंबरला त्यांचा सॉल्टपीटरचा आठवडा असतो, म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन ओस घरांसमोर येतात. आणि १ नोव्हेंबरला, त्यांच्या मृतांच्या सणाला, ती वाळवंटातल्या जुन्या स्मशानांत जातात, कागदाची आणि पत्र्याची फुलं घेऊन, कारण त्या उन्हात खरं फूल टिकत नाही.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आठवली. आपल्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतो, वर डांगर ठेवतो, आंबा ठेवतो, आणि त्याच दिवशी लेकी माहेरी येऊन झोके खेळतात. गेलेले आणि माहेरी आलेल्या एकाच दिवशी एका घरात! आणखी काय हवं तुमच्या गावाला? धरणाची कुठलीतरी तारीख शोधून वर्धापनदिन करू नका, त्याला कोणी येणार नाही. आखाजीच्या आसपासचा एक रविवार धरा, तेव्हा सुरतवाले तसेही येतात, पाणीही उतरलेलं असतं. ज्या घरांचं आता कोणीच उरलं नाही त्यांच्या नावाने गावाची म्हणून एक घागर भरा. पहिल्या वर्षी पंधरा माणसं आली तरी चालेल, पण पुढच्या वर्षी दिवस बदलू नका. (चौथऱ्यापर्यंत चालत जायचा मोह होईल, पण उतरलेल्या पाण्याकाठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो, म्हाताऱ्यांना काठावरच बसवा.)

कमान नंतर. माझं स्पष्ट मत आहे की आज वर्गणीतला पहिला रुपया म्हाताऱ्यांना गाडी करून एका ठिकाणी आणण्यावर घाला, सिमेंटवर घालू नका. एका ओसरीवर चार-पाच जणांना बसवा, मोठा कागद पसरा, मधे मारुतीचा पार काढा आणि विचारत जा, पारावरून निघालं की उजव्या हाताला पहिलं घर कोणाचं, त्याच्या पुढे, विहीर कुठे, उकिरडे कुठे, पोळ्याला बैल कुठून फिरायचे, लग्नाचा मांडव कुठल्या चौकात पडायचा. एकटा म्हातारा तीन घरं सांगून थांबतो, पण पाच जण असले की भांडतात, आणि त्या भांडणातूनच नकाशा नीट होतो. फोन मधे ठेवून सगळं रेकॉर्ड करा.

मग तो नकाशा कागदांशी ताडून बघा. जमीन आणि घरं घेताना सरकारने भूसंपादनाचा निवाडा केलेला असतो, त्याआधी संयुक्त मोजणी झालेली असते, त्यात कोणाचं घर, किती खण, कुठली विहीर, किती झाडं, कशाचे किती पैसे हे नावानिशी असतं. लोकांना तो फक्त मोबदल्याचा कागद वाटतो, पण बुडालेल्या गावाचं इतकं बारकाईचं वर्णन दुसरीकडे कुठेच सापडायचं नाही! कुणाच्या तरी ट्रंकेत प्रत असेल, नसेल तर अर्ज करून नक्कल मागा. भूमी अभिलेखकडे गावाचा जुना नकाशा मागा, तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्ममृत्यूची नोंदवही मागा, जिला आपण कोतवाल बुक म्हणतो. शाळेचं जनरल रजिस्टर बहुतेक नव्या गावठाणातल्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात असेल, मुख्याध्यापकांना भेटून परवानगीने पानांचे फोटो घ्या. १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावाची लोकसंख्या मिळेल. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की मागच्या चार-पाच पिढ्या कधीकधी सहज निघतात, काही समाजांचे वंशावळ लिहिणारे भाट असतात त्यांच्या वह्यांतही. एकाच माणसाने हे सगळं करू नका, नाहीतर तो थकला की काम थांबतं. तिघांनी वाटून घ्या, आणि स्कॅन केलेलं एकाच्या फोनमध्ये न ठेवता तीन घरी ठेवा.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण तुम्ही स्वतः त्या गावच्या लेक आहात. या सगळ्या कागदांत तुम्ही सापडणार नाही. सातबाऱ्यावर बाप-भाऊ, भाटाच्या वहीत बाप-भाऊ, आणि आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांनाही बऱ्याच घरांत पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, भाऊबंदकी जमते ती एका आडनावाची. कानबाई माझीही लाडकी आहे, श्रावणातल्या त्या रविवारी पुण्या-मुंबईची पोरं गावी येतात ती तिच्याच ओढीने, त्यामुळे भाऊबंदकीच्या याद्या करायची सोय तिथं आहेच. पण गावच्या लेकी लग्न करून गेल्या त्या गावातून आणि गेल्या ते आडनाव बदलून, ग्रुपमध्ये भाऊ आहे म्हणून बहिणीला कोणी घेत नाही. आणि खरं सांगू, पाणवठ्याची वाट, कोणाच्या घरी कुठल्या लोणच्याची बरणी, कोणाची सून कुठून आली, कोणतं बाळ कोणत्या सुईणीच्या हातचं, हे त्यांनाच ठाऊक. तेव्हा यादी आडनावाने न करता घराने करा, प्रत्येक घराखाली त्या घरात जन्मलेल्या सगळ्या पोरी, त्यांचं माहेरचं नाव, कुठे दिल्या, आता कुठे आहेत. सुना आल्या त्यांचंही माहेर लिहा. असं केलं की गावाचं नातं आपोआप दहा-वीस गावांत पसरलेलं दिसायला लागतं. आणि पाटीवर कोणाची नावं हा ग्रुपवरचा वादही मग निवतो, कारण प्रत्येक घर आहेच.

आणि नव्या गावठाणात फिरून चौकटी बघा! माझ्या मावशीचं घर असंच गेलं, तेव्हा काकांनी धाब्याचं घर उतरवताना सागाची चौकट आणि दोन खांब बैलगाडीत घालून आणले, ते आज स्लॅबच्या घराला आहेत, रंगाचे चार थर चढलेत, पण उंबऱ्यावर मधोमध जो खोलगटपणा आलाय तो जुन्या गावातला आहे. अशा किती वस्तू निघाल्या असतील, दारं, जातं, पाटा, पितळी हंडे. प्रत्येकाचा फोटो काढा, मागे कोणाच्या घरची ते लिहा. हंबरस्टोनला चोरांनी लाकूड नेलं, तुमचं लाकूड तुमच्याच माणसांनी जपलंय.

प्रश्न : माझे आजोबा उकाई धरणात बुडालेल्या, नवापूरकडच्या गावचे. धरण गुजरातेत आहे तर कागद तिकडे शोधायचे का? नंदुरबारला विचारलं तर जुनं काही नाही म्हणाले.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : गाव महाराष्ट्रात होतं तर महसुलाचे कागद महाराष्ट्रातच शोधायचे, फक्त जिल्हा बदललाय. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी सगळं धुळ्याला, आणि १९६० च्या आधीच्या कागदांवर पश्चिम खान्देश असं लिहिलेलं असतं. १९०६ च्या मागे गेलात तर नुसतं खान्देश. म्हणून धुळ्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करा आणि अर्जात जुना जिल्हा, जुना तालुका आणि गावाचं जुनं स्पेलिंग तिन्ही घाला. धुळ्याला गेलातच तर राजवाडे संशोधन मंडळातही डोकावून या. तुमच्या गावाचा कागद तिथं निघेलच असं नाही, पण जुने कागद कसे वाचायचे आणि कसे ठेवायचे हे समजून घ्यायला ती जागा चांगली.

प्रश्न : माझी आजी ८४ वर्षांची आहे, गावाच्या गोष्टी सांगते पण सगळं अहिराणीत. रेकॉर्ड करताना तिला मराठीत बोलायला सांगू का, पुढे मुलांना समजावं म्हणून?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : अजिबात नको. मराठीत बोलायला लावलंत की ती पाहुण्यांसमोर बोलल्यासारखं बोलेल आणि दोन वाक्यांत संपवेल. ती 'आमनं गाव' म्हणते तेव्हा आवाज कसा होतो तोच तर ठेवायचाय. लिहून काढतानाही ती 'डोया' म्हणाली तर डोयाच लिहा, डोळा करू नका, खाली मराठीत अर्थ द्या. समोर कॅमेरा लावून मुलाखत घेऊ नका, भाजी निवडताना, शेवया करताना फोन बाजूला ठेवून द्या, अर्थात आधी तिला सांगून आणि विचारूनच. आणि आजी एखाद्या नावापाशी गप्प झाली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबा, रेकॉर्डिंग चालू राहू द्या.