गाठच नाही, मग कॅन्सर कसला?

प्रश्न : वय 41. उजवा स्तन तीन आठवड्यांत सुजून लाल आणि गरम झाला. स्तनदाह समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. हाताला गाठ लागत नाही, मॅमोग्राफीतही दिसली नाही. आता बायोप्सीत इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर निघालाय. डॉक्टर आधी केमो म्हणतात. मोठे दीर म्हणतात, ‘गाठच नाही तर कॅन्सर कसला? आणि असेल तर आधी कापून टाका.’ मीच उशीर केला का?

उत्तर : ताई, उशीर तुम्ही केलेला नाही. हा आजार महिनोन्‌महिने दबा धरून बसत नाही, तो आठवड्यांत वाढतो.

गाठ का नाही, ते आधी सांगतो. या कॅन्सरच्या पेशी बहुतेकदा एका जागी साचत नाहीत. त्या त्वचेतल्या बारीक लसिकावाहिन्यांत (शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत) शिरून त्या तुंबवतात. पाण्याचा निचरा थांबतो, स्तन जड होतो, कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. दिसायला संसर्ग, पण जंतू नाहीत. मग अँटिबायोटिक काय करणार? खरं तर पहिल्याच कोर्सने आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही, तेव्हाच बायोप्सी व्हायला हवी होती. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार शंभरात एक ते पाच इतकाच, म्हणून तो डॉक्टरांच्याही पटकन ध्यानात येत नाही.

दिरांना एवढंच सांगा : कापायचं तर कड लागते, आणि आज याला कडच नाही. आत्ता ऑपरेशन केलं तर कातडीत पेशी मागे राहतात आणि टाक्यांच्या आसपासच आजार पुन्हा उगवतो. म्हणून आधी चार ते सहा महिने केमो, मग काखेतल्या लसिकाग्रंथींसह पूर्ण स्तन काढणं, मग छातीवर रेडिएशन. हा क्रम मोडू देऊ नका. केमोने लाली पूर्ण गेली तरी ऑपरेशन आणि रेडिएशन टळत नाही. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून इथेच थांबणं फार महागात पडतं. स्तन वाचवणारं छोटं ऑपरेशन किंवा त्याच वेळी नवा स्तन बसवणं यात सहसा करत नाहीत. तो विचार रेडिएशननंतर.

पहिल्या केमोआधी बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशी हार्मोनवर वाढतात का) आणि हर-टू (पेशींची वाढ करणारं प्रथिन जास्त आहे का) हे तिन्ही निकाल आलेत का, पाहा. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवर नेम धरणारं औषध लागतं. त्यासाठी आधी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी हवी. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर पुढे काही वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या. आजार कुठवर गेलाय हे पेट स्कॅन सांगेल. आणि स्तनाचा तारखेसकट फोटो काढून फाइलला लावा. संकोच वाटेल, पण लाली ओसरल्यावर ती कुठवर पसरली होती हे सर्जन आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त त्यात आठवड्याहून जास्त घालवू नका. सोबत नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्रांना (योजनेचं काम पाहणाऱ्या मदतनिसांना) आधीच भेटा, कारण मंजुरी उपचारापूर्वी लागते.

घरात थर्मामीटर ठेवा. केमोच्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा. त्या रात्री गाडी कोण काढणार, हे दिरांशी आजच बोलून ठेवा.