बायकोचं सोनं गहाण ठेवून ऑप्शन करू का?

बेळगावच्या उद्यमबागला सीएनसी मशीनवर काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, बायकोचं गंठण गहाण ठेवून ३ लाख उचलू का, शिफ्टमधला मित्र निफ्टी ऑप्शनमध्ये (शेअर बाजाराचा निर्देशांक वर जाईल की खाली यावरचे ठराविक मुदतीचे सौदे) महिन्याला ४० हजार काढतो म्हणे, आणि सासरे म्हणतात हा द्रव्यलोभ आहे, आहे त्यात समाधानी राहा. नफ्यातला दशांश, म्हणजे दहावा भाग, चर्चला देईन असंही लिहिलंय.

दादा, मेसेज दोनदा वाचला. ४० हजार तीन वेळा आलंय, पण ते कशाला पाहिजेत हे एकदापण नाही. पोरीची फी, घराचं कर्ज, काहीच नाही. मला भीती तिथंच वाटली बघा.

हिशोब सरळ आहे. गहाणाचं महिना एक टक्का धरलं तरी ३ हजार व्याज पहिल्या महिन्यापासून लागणार, नफ्याचं मात्र काय खरं नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचे आकडे दिले, त्यात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या आपल्यासारख्या १०० जणांत ९३ तोट्यात गेलेले. मार्केट जागेवर थांबलं तरी एक्सपायरी, म्हणजे सौद्याची शेवटची तारीख, जवळ येईल तसा घेतलेल्या ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, झिजत जातो. मित्र असेलही उरलेल्या सातात, पण तोट्याचे स्क्रीनशॉट पाठवतो का तो कधी? आणि तोटा झाला तर त्याचा दशांश कुणी भरायचा?

सासऱ्यांचं बरोबर आहे, पण अर्धंच. बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला पत्रात पैसा वाईट असं लिहिलेलं नाही, पैशाचा लोभ वाईट म्हटलंय, आणि त्याच पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्यालाही चांगलंच झापलंय. टर्म इन्शुरन्स (आपल्या माघारी घरच्यांना पैसे देणारा विमा) नाही, अडीनडीला बाजूला काही नाही, याला समाधान म्हणू नका, ही हयगय झाली. लोभाचं म्हणाल तर, गुड फ्रायडेला मार्केट बंद म्हणून दिवसभर चिडचिड करणारा एक ख्रिस्ती माणूस मला माहितेय. चर्चमध्ये बसून सोमवारच्या सौद्याचा विचार करत होता. मीच तो, खोटं कशाला बोलू.

महिन्याला ५ हजार उरतात म्हणालात ना, त्यातून आधी टर्म प्लॅन घ्या, मग सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत आरडी (बँकेतली दरमहा ठेव), इंडेक्स फंडाची (निर्देशांकातल्या सगळ्या शेअर्समध्ये पैसे घालणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठराविक गुंतवणूक, त्यानंतर. दशांश पगारातून देताय तसाच देत राहा. आणि किती पाहिजे, कशाला पाहिजे, हे एका कागदावर लिहून बायकोला दाखवा. गंठण तिचं आहे, तिला विचारलंय का हेही मेसेजमध्ये कुठं दिसलं नाही मला.