पहाटेचा दुसरा लिटर

प्रश्न : माझं वय ६१. शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. शौचातून रक्त गेलं म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करायला सांगितली. त्याआधी पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची होती, एक लिटर आदल्या संध्याकाळी, एक पहाटे. रात्री अकरापर्यंत चौदा-पंधरा वेळा जाऊन आलो, शेवटी नुसतं पाणीच पडत होतं. पोट साफ झालं असं समजून पहाटेचं औषध घेतलं नाही. तपासणी अर्ध्यावर थांबवून ‘आतडं स्वच्छ नाही, पुन्हा या’ म्हणाले. ती मळमळ आठवली तरी नको वाटतं. पुन्हा करायलाच हवं का? मला मधुमेहही आहे.

उत्तर : करायलाच हवं, सर. रक्त गेलंय, तेव्हा ‘मूळव्याध असेल’ म्हणून हे सोडून देऊ नका. आणि पहाटेचं औषध राहिलं याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. ते कशासाठी असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच दिसत नाही.

एंडोस्कोपी विभागात परिचारिका म्हणून मला १९ वर्षं झाली. तुमच्यासारखं ‘रात्रीच साफ झालं होतं की’ म्हणणारे पेशंट मी खूप पाहिलेत, आणि त्यांचं खरंही असतं. रात्री साफ झालेलंच असतं. पण आपण झोपलो तरी लहान आतडं झोपत नाही. पित्त आणि पाचकरस रात्रभर खाली उतरत राहतात आणि मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे, पोटाच्या उजव्या बाजूला, त्यांचा पिवळसर चिकट थर बसतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. दुर्बीण खालून आत जाते, म्हणजे हा भाग तिच्या वाटेवर सगळ्यात शेवटी येतो. आणि नेमके इथले पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणाऱ्या गाठी, पुष्कळदा चपटे असतात, आतड्याच्या अस्तराला चिकटून पसरलेले. पातळसा थरसुद्धा त्यांना झाकून टाकतो. पहाटेचा लिटर हा थर धुण्यासाठी असतो.

एका आजींची पहिली तपासणी तुमच्यासारखीच फुकट गेली होती. दुसऱ्यांदा त्या पूर्ण तयारीनं आल्या, आणि आदल्या वेळी जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे पडद्यावर एक चपटा पॉलिप दिसला. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे काढला. असे काही पॉलिप वर्षानुवर्षं वाढत कॅन्सरकडे जातात. तेव्हापासून ‘एक ग्लास राहिला तर चालेल का?’ असं कुणी विचारलं, की मी त्या आजींची गोष्ट सांगते.

आता मळमळीचं. माझी स्वतःची तपासणी झाली तेव्हा पहाटे चारला मी तो ग्लास हातात घेऊन उभी होते, त्यामुळे चव मला माहीत आहे. खारट, बुळबुळीत. औषध फ्रिजमध्ये गार करा आणि स्ट्रॉ जिभेच्या मागच्या भागावर ठेवून प्या. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, मधे खोलीतल्या खोलीत फेऱ्या. ढवळायला लागलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा. उलट्या थांबेनात किंवा पोट फुगून दुखायला लागलं, तर विभागात फोन करा. शौचाला जाऊन आल्यावर प्रत्येक वेळी पाण्यानं धुवा, हलकं टिपून घ्या आणि पहिल्या खेपेपासूनच व्हॅसलीन लावा. कातडी सोलवटल्यावर लावून फारसा उपयोग होत नाही.

दुसरा लिटर साधारणपणे तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करतात आणि दोन तास आधी संपवतात. गुंगीचं इंजेक्शन देताना पोट रिकामं असावं लागतं, म्हणून तुमच्या विभागानं दिलेली वेळ तंतोतंत पाळा. शेवटी लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला हवं. गढूळ किंवा तपकिरी असेल तर निघण्याआधी कळवा.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं, कोंडा बंद. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे द्रवपदार्थ, म्हणजे दूध नाही. लाल-जांभळं सरबतही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

मधुमेहाबद्दल मात्र स्वतःच्या मनानं काहीही करू नका. उपाशीपोटी नेहमीचं इन्शुलिन पूर्ण घेतलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. काही गोळ्या, विशेषतः नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या, तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन आत्ताच डॉक्टरांना भेटा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही दाखवा. ती परस्पर बंदही करू नका आणि न विचारता चालूही ठेवू नका. त्या दिवशी साखर वारंवार तपासा आणि साखर घातलेलं पारदर्शक पेय जवळ ठेवा.

गुंगीमुळे २४ तास गाडी चालवता येणार नाही, सोबत कुणीतरी लागेल. नवी तारीख घेताना मागच्या वेळी काय झालं ते सांगा, बद्धकोष्ठ असेल तर तेही. तुमच्यासाठी तयारी थोडी वाढवतील. मधुमेह आहे म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घ्या. आणि पहाटेचा गजर तुमच्याबरोबर घरातल्या आणखी एका माणसालाही लावायला सांगा, सर.