पुडीतले दाणे

"मॅडम, हे बघा," असं म्हणत त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. आत तांदळाचे पन्नास-साठ दाणे होते. नेहमीच्या दाण्यांहून पांढरे, खडूसारखे, टोकं जरा बोथट. "कंट्रोलच्या तांदळातून निवडलेत. एका वेळच्या भाताचे. प्लास्टिक आहे हे, पाण्यात तरंगतं."

(इंदूरबाहेरच्यांसाठी: रेशनच्या दुकानाला आमच्याकडे कंट्रोल म्हणतात.)

ही पुडी निरनिराळ्या रूपांत माझ्या टेबलावर येतच असते. कुणी कणकेचं पाकीट आणतं, कुणी मिठाचं, कुणी शाळेतून मिळालेल्या लोहाच्या निळ्या गोळ्यांची पट्टी. सगळ्यांचा प्रश्न एकच, "रक्त वाढावं म्हणून अन्नात हे जे लोह घालतात ते अंगात साठत तर नाही ना?" तेवीस वर्षं समुपदेशकाच्या या खुर्चीत बसल्यावर काही प्रश्न कुठून येतात ते आवाजावरून कळतं, असा माझा समज होता. या बाईंनी तो जरा ढिला केला, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

वय पस्तीस-छत्तीस, घरी साड्यांना फॉल-पिको करतात. मुलगी तेरा वर्षांची. शाळेतल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालेलं. गोळ्या आईनं कचऱ्यात टाकलेल्या. नवरा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तो तांदळासाठी नाही, तर त्या रात्री बारा-बारापर्यंत सूप घेऊन दाणे निवडत बसतात म्हणून.

पहिल्या दोन भेटींत मी शहाणपणा केला, त्यांना समजावत बसले. हे दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. कणी दळायची, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळायचं, मळायचं आणि यंत्रातून पाडायचं. आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसंच, फक्त आकार तांदळाचा. असा एक दाणा साध्या शंभर दाण्यांत मिसळतात. आत पोकळी राहते म्हणून तो तरंगतो. जाळलात तर कोळसा होईल, प्लास्टिकसारखा वितळणार नाही. त्यात फेरिक पायरोफॉस्फेट नावाचं लोहाचं संयुग असतं. ते पांढरं असतं, भाताला चव नाही की डाग नाही. फेरस सल्फेट अंगाला जास्त लागतं, पण अन्नाचा रंग आणि वास बिघडवतं. कणकेतल्या कोंड्यात फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. म्हणून कणकेसाठी सोडियम आयर्न ईडीटीए हाही पर्याय ठेवलाय. त्यातलं लोह फायटेटच्या तावडीत सहसा सापडत नाही, म्हणून ते निम्मंच घालावं लागतं.

"हो मॅडम, बरोबर आहे मॅडम," असं म्हणून त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात नवी पुडी.

तिसऱ्या भेटीत मी कागद-पेन बाजूला सारलं. भीती आभाळातून पडत नाही, तिच्या पोटात एक वाक्य असतं, हे मी शिकाऊ समुपदेशकांना इतक्यांदा सांगते की त्यांना पाठ झालंय. आणि मी स्वतः मात्र ते वाक्य न विचारताच उत्तरं देत सुटले होते.

"साठतं," मी म्हटलं, "हा शब्द पहिल्यांदा कुठं ऐकलात?"

त्यांनी पुडीची घडी घातली. उघडली. परत घातली. बाहेर पोहेवाल्याची गाडी घंटी वाजवत गेली, ती पार कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्या गप्प होत्या.

"भाच्याच्या वेळी," त्या म्हणाल्या. "त्याला थॅलेसेमिया होता, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचे. डॉक्टर वहिनीला म्हणाले, लोह साठतंय, लिव्हरमध्ये, हृदयात. अकरा वर्षांचा होऊन गेला." मग पुष्कळ वेळानं, खाली बघत, "तो सुट्टीत माझ्याकडे यायचा ना. रक्त कमी आहे म्हणून मी त्याला रोज पालक भरवायचे. माझ्या हातानं."

इतकी वर्षं ते वाक्य असं होतं तर. मीच त्याला लोह भरवलं.

आता मी कागद पुन्हा ओढला, पण या वेळी लिहायला त्यांना लावलं. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तर वर्षाच्या सतरा. त्यांनी मोबाइलवर गुणाकार केला : सतरा गुणिले दोनशे, ३४००. साडेतीन ग्रॅमच्या आसपास. निरोगी मोठ्या माणसाच्या सबंध अंगात मिळून लोह असतं तीन-चार ग्रॅम. तेवढं त्या पोराच्या शिरेतून एका वर्षात आत गेलं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही.

"आणि पालक?"

शंभर ग्रॅम पालकात तीनेक मिलिग्रॅम. त्याचाही दहावा हिस्सा अंगाला लागला तर पुष्कळ. आतड्याला दरवाजा आहे. साठा भरला की यकृतातून निरोप येतो आणि दरवाजा ओढून घेतला जातो. रिकामा असला की उघडतो. त्या आजारात तो दरवाजाही धड लागत नाही, पण शिरेतून आलेल्या रक्ताला तर दरवाजाच आडवा येत नाही.

"म्हणजे पालकानं नाही."

"पालकानं नाही."

त्या रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढं केला नाही. अशा वेळी ग्लास पुढं केला की माणूस रडणं आवरतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शिकलेय.

त्यांची भीती अडाणी नव्हती. लोह साठतं हे खरंच होतं, फक्त ते दुसऱ्या मुलाबद्दल खरं होतं. २०१८च्या नियमांनुसार लोह घातलेल्या पाकिटांवर सूचना छापलेली असायची : थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं, सिकलसेलच्या रुग्णांनी घेऊ नये. हल्लीच्या पाकिटावर ती दिसेलच असं नाही. यांनी ती कणकेच्या पाकिटावर वाचली होती आणि त्याच दिवशी सूप काढलं होतं. त्यांना 'काही होत नाही हो' असं सांगणारी मी, नवरा, शाळेतल्या बाई, सगळेच अर्धे चूक होतो.

कारण भाच्याला आजार होता म्हणजे भाऊ वाहक (स्वतः आजारी नाही, पण आजार मुलांत उतरवू शकणारा), आणि भाऊ वाहक म्हणजे बहीणही असण्याची शक्यता. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. एचबीए-टू (वाहक आहे का ते यावरून कळतं) आणि फेरिटिन (यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो), मायलेकी दोघींचं. आई वाहक निघाली, मुलगी नाही. मुलीचं फेरिटिन तळाला. वाहक असल्यानं कंट्रोलचा भात सोडावा लागत नाही. पण वाहकाचं हिमोग्लोबिन मुळातच थोडं कमी असतं, म्हणून साठा न तपासता त्याला महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या देत राहू नये. आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेआधी हा कागद बघा, असं मी घरात असा आजार असलेल्या प्रत्येकाला सांगते, न विचारता.

मग भाताचा हिशोब अगदीच किरकोळ राहिला. किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. मुलगी दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ खाते, म्हणजे तीन-चार मिलिग्रॅम. तेरा वर्षांच्या मुलीची रोजची शिफारस ३० मिलिग्रॅमची. शाळेतल्या एका निळ्या गोळीत ६०, तीही आठवड्यातून एकदा. त्यांनी आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांना हसू आलं. "एवढ्याशासाठी मी डोळे फोडत होते?"

खरी गळती भलतीकडेच होती. त्यांच्याकडे सकाळी पोहे, वर शेव, जीरावन, भरपूर लिंबू. लिंबानं लोह चांगलं लागतं, म्हणजे अर्धी लढाई इंदूरनं आधीच जिंकलेली. पण पोह्यांचा शेवटचा घास आणि चहाचा पहिला घोट यांत अर्धा मिनिटही जात नाही. मुलगीसुद्धा सासूबाईंबरोबर कपभर घेते. चहातलं टॅनिन लिंबाचं काम बरंचसं पुसून टाकतं. चहा सोडा असं मी म्हणत नाही, या गावात ते म्हणणाऱ्याचं कुणी ऐकणारही नाही; तासभर पुढं ढकला. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी नको. लोहाच्या गोळीनं शौच काळं होतं, त्याला घाबरून गोळी टाकू नका.

तीन महिन्यांनी त्या रिपोर्ट दाखवायला आल्या. मुलगी ११.३. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, सूप फडताळावर गेलंय, रात्री झोप लागते.

"आणि चहा?"

"मुलीचा दहा वाजता केला. सासूबाई ऐकत नाहीत. म्हणतात, होळकरांच्या काळापासून या घरात पोह्यांवर चहाच होतो." मग जरा थांबून, "त्यांचंही रक्त तपासलं मॅडम. ८.९ निघालं. मंगळवारी घेऊन येऊ का?"

या म्हटलं.