बॅटरीच्या काळ्या भुकटीवर, म्हणजे ब्लॅक मासवर, अनुदान नाही!

केंद्राने ३ सप्टेंबर २०२५ रोजी क्रिटिकल मिनरलच्या, म्हणजे लिथियम-कोबाल्टसारख्या मोलाच्या खनिजांच्या, रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात दोन अनुदानं आहेत : एक मशिनरीवर, दुसरं चालू खर्चावर. तेव्हापासून भंगार बॅटऱ्यांच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांचे तेच ते प्रश्न येत आहेत.

प्रश्न : मशिनरीवर सरसकट २० टक्के अनुदान मिळतं का? (वाळूज)

ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू केलं तर. उशीर झाला की अनुदान घटतं.

प्रश्न : बॅटरी श्रेडिंग लाइन (बॅटऱ्या फोडून भुगा करणारी यंत्रं) ‘स्कीममध्ये बसते’, असं मशीनवाला सांगतो. ब्लॅक मास विकायचा आणि अनुदान घ्यायचं. ऑर्डर देऊ का? (चाकण)

थांबा. नुसता ब्लॅक मास काढणाऱ्यांना ही योजना नाहीच. मंजुरीतच तसं स्पष्ट म्हटलंय. सेल फोडून, चाळून उरलेल्या त्या काळ्या भुकटीत लिथियम, निकेल, कोबाल्ट, मँगनीज, ग्राफाइट सगळं एकत्र असतं. ती परदेशी विकायची आणि त्यातलेच धातू पुन्हा आयात करायचे, यासाठी सरकार पैसे का देईल?

खरं काम पुढे आहे. भुकटी सल्फ्युरिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवायची, तांबं-लोखंड-अॅल्युमिनिअम काढायचं, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनने (एकेक धातू ओढून घेणाऱ्या द्रावकाने) कोबाल्ट-निकेल वेगळं करायचं, शेवटी सोडा अॅशने (धुण्याच्या सोड्याने) लिथियम कार्बोनेट पाडायचं. चाळणी ढिली असेल तर फॉइलचं अॅल्युमिनिअम भुकटीत उतरतं. अॅसिडमध्ये त्याच्यामुळे पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. पुढे पीएच वाढवला की चिकट गाळ होऊन फिल्टर प्रेस तुंबतो आणि गाळाबरोबर निकेलही जातं. वर सोडियम सल्फेटचं सांडपाणी. यातलं किती त्या कोटेशनमध्ये आहे? शिवाय तुमचं भंगार एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटऱ्यांचं असेल तर त्यात कोबाल्टही नाही, निकेलही नाही. मशीनवाल्याचा नफ्याचा तक्ता तिथेच कोसळतो. आधी स्वतःच्या मालाचा प्रयोगशाळेतून अॅसे (कोणता धातू किती, याची तपासणी) करून घ्या, तो हायड्रोमेटलर्जीच्या (द्रावणातून धातू काढण्याच्या) माणसाला दाखवा, मगच अॅडव्हान्स.

प्रश्न : चालू खर्चाचं अनुदान दरवर्षी येतं? (सातपूर)

नाही. २०२५-२६ हे आधारवर्ष; त्यावरची वाढीव विक्री ठरलेल्या किमान पातळीपर्यंत गेली तर या अनुदानाचे ४० टक्के दुसऱ्या वर्षी, उरलेले ६० टक्के पाचव्या वर्षी. दोन्ही अनुदानं मिळून कमाल मर्यादा मोठ्या उद्योगांना ५० कोटी, लहानांना २५ कोटी. त्यात चालू खर्चाचे अनुक्रमे १० आणि ५ कोटीच. या पैशावर बँकेचा हप्ता बेतू नका, सीएला विचारा.

प्रश्न : एजंट ‘मंजुरी पक्की’ म्हणून ५ टक्के मागतो.

देऊ नका. योजनेचं काम नागपूरच्या जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनिअम संशोधन केंद्राकडे आहे, तिथेच विचारा.

प्रश्न : मंजुरी येईपर्यंत बॅटऱ्या शेडमध्ये साठवू का? (इचलकरंजी)

फुगलेल्या, फुटलेल्या मुळीच नको. इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराला ओल लागली की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू सुटतो. बॅटरी रिसायकलर म्हणून नोंदणी झाली नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधी जा, भंगार नंतर आणा.