वजनं उचलायचा कंटाळा येतो, यात मजा कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात तीनदा जिम लावली आणि तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत सुटली. पोहायला जायचा कंटाळा येत नाही, पण वजनं उचलताना सगळं लक्ष घड्याळाकडे असतं. वय ३८, म्हणजे उशीर तर झाला नाही ना, ही धास्तीही आहे. प्रेरणा कशी टिकवायची आणि लोकांना यात नेमकी मजा कसली येते, असा एकूण प्रश्न.

मजेचं आधी सांगते. प्रेरणेतलं मला फारसं कळत नाही. गेली सात वर्षं आठवड्यातून तीनदा वजनं उचलतेय आणि त्यातल्या निम्म्या दिवशी घरातून निघताना मला अजिबात जावंसं वाटत नव्हतं.

शाळेत पी.टी.च्या तासालाच ज्यांच्या पोटात दुखायचं, त्यांतली मी. पस्तिशीत पाठ धरायला लागली म्हणून पहिल्यांदा जिम लावली. पहिल्याच दिवशी ट्रेनरने ‘मॅडम, अजून दहा, शेवटचे दहा’ करत शंभरेक स्क्वॉट, म्हणजे बैठका, काढून घेतले. मलाही वाटलं, वा, पैसे वसूल! दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या. तिसऱ्या दिवशी कमोडवर बसायला दोन्ही हातांनी भिंत धरावी लागली आणि उठायचं कसं, हा विचार बसल्यावर सुचला. आठवडाभर गेले नाही. मग गेले, पुन्हा तेच. दोन महिन्यांत माझीही जिम सुटली.

हे असं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. सवय नसलेली हालचाल केली की ते येतं, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना, कारण तेव्हा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. त्यावरून व्यायाम चांगला झाला की वाईट, हे ठरत नाही. पण आपल्याकडे मोजायला दुसरं काही नसलं की आपण दुखणं मोजतो. घाम मोजतो. नाहीतर आरशात बघतो.

आणि आरसा तर पहिले दोन महिने काहीच दाखवत नाही. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. असलेलेच स्नायूतंतू जास्त संख्येने आणि एका तालात कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरायला त्यानंतरही वेळ लागतो. आता तुमचा हिशोब बघा: तिन्ही वेळा तुम्ही दीड-दोन महिन्यांत सोडलंत. म्हणजे आतून झपाट्याने बदल होत होता आणि बाहेरून काही दिसत नव्हतं, नेमक्या त्याच टप्प्यावर. तुम्ही आळशी आहात असं मला वाटत नाही. तुम्ही चुकीच्या जागी बघत होतात.

दुसऱ्यांदा मी जिम लावली तेव्हा फरक फक्त एका वहीचा होता. शंभर पानी, साधी. तारीख, व्यायाम, वजन, सेट, रेप्स (एका दमात किती वेळा, ते रेप्स; अशा किती फेऱ्या, ते सेट). कुणाच्या उपदेशावरून नाही हं, मी कामाने हिशोबनीस आहे, लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिसऱ्या आठवड्यात सहज पानं मागे उलटली आणि लक्षात आलं की पहिल्या दिवशी २० किलोच्या डेडलिफ्टला (प्लेट्स, म्हणजे वजनाच्या चकत्या, लावलेला दांडा, म्हणजे बार, जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं) मी ‘जड!!’ असं दोन उद्गारचिन्हांसकट लिहिलं होतं, आणि आज २० किलोने मी नुसता वॉर्मअप केला होता. आरशात तीच मी. वहीत मात्र दुसरीच कुणीतरी. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या खेपेला काय होतं ते बघायची उत्सुकता वाटली. मला विचाराल तर मजा हीच, उत्सुकता. ‘फिट व्हायचंय’ हे फार लांबचं आणि पुसट आहे. ‘गुरुवारी ३२.५ किलो पाच वेळा उचलता येईल का’ हे कसं, दोन दिवसांत कळतं.

तुम्ही पोहता, म्हणून तुम्हाला हे लवकर पटेल. पोहताना तुम्ही ‘हातांचा व्यायाम’ करत नाही, तुम्ही पोहता. हात पाण्यात कसा शिरतो, श्वास कधी घ्यायचा, पाय किती मारायचे, हे सुधारत जातं आणि एक दिवस तेवढंच अंतर कमी दमछाकीत कापलं जातं. वजनांचंही तसंच आहे, फक्त जिममध्ये ते तसं कुणी सांगत नाही. आज छाती, उद्या पाय, परवा खांदे, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर. बारा व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट, आणि एकही नीट येत नाही. कंटाळा येणारच. मी बारा टाकून चार धरले: स्क्वॉट, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलायचं) आणि रोइंग (वजन अंगाकडे ओढायचं). पोहण्याचे प्रकार शिकावेत तसे शिकले. डेडलिफ्टमध्ये बार नडगीला घासत वर यायला हवा, हे कळायलाच मला महिना लागला. तो जरा पुढे गेला की तेच वजन पाठीला दुप्पट वाटतं. आणि ज्या दिवशी तो सरळ वर आला त्या दिवशी वजन हलकं झाल्यासारखं वाटलं, प्लेट्स मोजून पाहिल्या, बरोबर होत्या.

आता प्रेसची गोष्ट, कारण मी सगळ्यात जास्त वैतागले ती तिथे. बार खांद्यावरून सरळ डोक्यावर ढकलायचा. बायकांचा बार १५ किलोचा असतो, पुरुषांचा २०. मी १५ वरून २५ पर्यंत आले आणि अडकले. चार महिने! २५ किलो पाच वेळा जायचा, २७.५ एकदाही नाही. मला वाटलं माझ्या खांद्यांची कुवत संपली. मग एकदा वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. जिममधली सगळ्यात छोटी प्लेट १.२५ किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की २.५ किलो वाढले. ६० किलोच्या स्क्वॉटवर ही वाढ चार टक्के, पण २५ किलोच्या प्रेसवर तब्बल दहा टक्के! पगारही एका फटक्यात दहा टक्के वाढत नाही, खांदे कुठून वाढणार. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट्स विकत घेतल्या, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा. पिशवीतून त्या काढताना पहिल्या दिवशी जरा लाजच वाटली.

२६ किलो. बार हनुवटीपासून सुटला, नाकासमोरून गेला आणि कपाळापाशी थांबला. प्रेसमध्ये ही जागा फार विचित्र असते. बार खालीही येत नाही, वरही जात नाही, आणि त्या दोन सेकंदांत तुम्हाला स्वतःचा प्रत्येक कच्चा दुवा कळतो: गुडघा सैल आहे, पोट ढिलं पडलंय, डावा हात मागे राहिलाय. मी नितंब आवळले, डोकं बारच्या खालून जरा पुढे घेतलं आणि तो गेला. शेजारच्या रॅकवर एक मुलगी असायची, तिचं नाव मला पुढे दोन वर्षं माहीत नव्हतं. तिने आरशातून बघून नुसती मान डोलावली. एका किलोसाठी मी इतकी खूश कधीच झाले नव्हते. भाजीच्या पिशवीतही त्याहून जास्त असतं.

त्यानंतर तीन वर्षं मी त्याच दोन प्लेट्सवर एकेक किलोने चढले. मधे उतरलेसुद्धा. आजारपण, झोप न होणं, ऑफिसातली धावपळ, की आकडा खाली. बैलाचं पिल्लू रोज उचलत उचलत शेवटी अख्खा बैल उचलणाऱ्या ग्रीक मल्ल मायलोची दंतकथा तुम्ही ऐकली असेल, जिममध्ये कुणीतरी ती सांगतंच. मला ती कधी पटली नाही. वासरू आपल्या सोयीने वाढत नाही, तुम्ही तापाने फणफणलेले असलात तरी ते वाढतच राहतं. प्लेट्सचं बरं असतं, त्या काढून ठेवता येतात.

वजन थोडं थोडं, मोजून वाढवायची पद्धत उपचार म्हणून रुजवली थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी. १९४५ मध्ये त्याने ती लिहून मांडली. तेव्हा तो एका व्यायामाचे सत्तर ते शंभर रेप्स करून घ्यायचा. पुढे, १९४८ मध्ये, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने ते जास्त होतंय म्हणत दहा-दहाच्या तीन सेट्सवर आणलं. म्हणजे जो माणूस या सगळ्याच्या मुळाशी आहे त्यालाही कमी करावं लागलं. माझ्या त्या शंभर स्क्वॉटवाल्या ट्रेनरला हे सांगायचं राहून गेलं.

तुम्ही पुन्हा सुरू करणार असाल तर कमीच करा. प्रत्येक सेट संपवताना ‘अजून दोन निघाले असते’ असं वाटलं पाहिजे. हे ऐकायला सोपं आहे, करायला कठीण, कारण पहिल्या आठवड्यात तुम्ही उत्साहात असता. पण जिममधून निघताना अंगात काही शिल्लक असलं की परवा परत यायला मन तयार होतं. पिळून निघालेल्या माणसाच्या डोक्यात जिम म्हणजे शिक्षा, एवढंच राहतं. जड व्यायाम आधी उरकून शेवट हलक्या, आवडत्या गोष्टीवर करते मी. माझी शेवटची दहा मिनिटं बारला नुसतं लटकण्याची आणि डंबेल कर्लची (डंबेल धरून कोपर दुमडायचं) असतात. कर्लचा मला काडीचा उपयोग नाही, मला ते आवडतात म्हणून करते.

घड्याळाकडे लक्ष जातं म्हणालात ते बहुतेक दोन सेट्सच्या मधे जात असणार. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर पुढचा सेट वजनामुळे नाही, दमामुळे पडतो. तासाभरातला निम्म्याहून जास्त वेळ आपण खरंतर बसलेले असतो! मी फोन पिशवीत ठेवते. वहीत लिहिते, श्वास खाली येताना ऐकते, लोकांचे स्क्वॉट बघते, मनातल्या मनात नावं ठेवते. तुम्हाला गाणी हवी असतील तर ऐका, त्यात काही कमीपणा नाही.

न जावंसं वाटण्याच्या दिवसांसाठी माझा एकच सौदा आहे: जायचं, रिकाम्या बारने पाच स्क्वॉट करायचे, आणि तरीही नको वाटलं तर बूट बदलून घरी. सात वर्षांत खरोखर घरी परतले ती चारदा. त्यातल्या दोनदा ताप निघाला.

आणि खाडा झाला म्हणून सोडू नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ लोकांना नवी सवय लावायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले, पण टोकं होती १८ आणि २५४. एखादा दिवस चुकला तर त्याने सवयीवर म्हणण्याजोगा परिणाम होत नाही, असंही त्यात दिसलं. तुम्ही दरवेळी साधारण ६६ च्या आसपासच थांबताय, हे बघून मला जरा हळहळ वाटली.

वयाचं म्हणाल तर १९९० मध्ये एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या दहा अशक्त लोकांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला होता. तो पूर्ण केलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ३८ ला उशीर झाला म्हणता?

हे सगळं करूनही बार हातात घ्यायला नकोच वाटलं तर सोडून द्या, मी रागावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या, ताकदीबद्दल एवढंच आहे. बारबेलच हवा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. पुलअप, दंड, रबरी बँड, भिंतीवर चढणं, काहीही चालेल, फक्त मोजता येईल आणि वाढवता येईल असं निवडा. हो, आणि स्नायूचं बोथट दुखणं वेगळं, सांध्यात कळ येणं वेगळं. कळ आली की तिथेच थांबा. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, जड वजनाखाली श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो.

काल माझा प्रेसचा दिवस होता. ३८ किलो, पाच रेप्सचा बेत. तीन गेले, चौथा कपाळापाशी थांबला आणि या वेळी गेला नाही. वहीत लिहिलंय: ‘३८ – ३, चौथा कपाळापर्यंत. डावा हात मागे.’ शुक्रवारी परत ३८.