११ माणसं, ८ दिवस, श्रीलंका: डोंगर, जंगल आणि समुद्र कसे बसवायचे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावहून ११ जण, त्यात सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि ४ लहान मुलं, निम्मी मंडळी शाकाहारी. द्राक्षबागेची खरड छाटणी उरकून २० एप्रिलनंतर ८ दिवस मोकळे. थायलंड की श्रीलंका ठरत नाही. या मंडळींसाठी डोळे झाकून श्रीलंका घ्या. मुंबईहून विमान अडीच तासांचं, घड्याळ आपल्याच वेळेवर, आणि डोंगरातून समुद्रापर्यंत गाडीनेच उतरता येतं.

आधी तारखेचं बोलू. तिकडे दोन पावसाळे आहेत. नैऋत्येचा पाऊस साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दक्षिण-पश्चिम किनारा झोडपतो, तर ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्व किनाऱ्यावर असतो. तुमचे दिवस दक्षिण किनाऱ्याच्या चांगल्या हंगामाच्या अगदी शेपटाला येतात. म्हणून ५ मेच्या आत परत या. या दिवसांत आपल्या वळवासारखा पाऊस दुपारी येतो, तेव्हा जे काही बघायचं ते दुपारी १ च्या आत उरका. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. नुवारा एलिया या थंड हवेच्या डोंगरगावात सगळा एप्रिलच गर्दीचा, त्यामुळे तिथल्या खोल्या सर्वांत आधी धरा.

कागदपत्रांत घरोघरी एकच चूक होते: मोठ्यांचे पासपोर्ट बघितले जातात, मुलांचे राहून जातात. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, आणि प्रवासाच्या तारखेनंतर ६ महिन्यांची मुदत शिल्लक लागते. आजच सगळे ११ पासपोर्ट टेबलावर मांडून मुदती लिहून काढा, कारण नूतनीकरण पुण्याच्या कार्यालयाच्या हद्दीत, वेळ लागू शकतो. ईटीए म्हणजे प्रवास परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दलाली साइट्स जास्तीचे पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

आता मार्ग. बहुतेक पॅकेजमध्ये ७ रात्रींत ६ हॉटेलं असतात. ११ जणांना एका हॉटेलातून निघायला दीड तास लागतो: बॅगा, आजोबांच्या गोळ्या, कुणाचा तरी चार्जर. मुक्काम चारच ठेवा. नेगोंबो १ रात्र (विमानतळ जवळच आहे), नुवारा एलिया २, उडावलवे (जंगल) १, मिरिस्सा किंवा मातरा (समुद्र) ३. कॅन्डीला मुक्काम नको. नुवारा एलियाला जाताना जेवण आणि दंतमंदिर, म्हणजे बुद्धांचा दात जपलेलं मंदिर, एवढं पुरे. मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे ते फार मनाला लागतं.

कॅन्डीहून वर चढताना रांबोड्याची वळणं आहेत. पोटात ढवळणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, जेवण हलकं द्या. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा सुमारे ५०० मीटर उंच. रात्री खरंच थंडी वाजते, स्वेटर हातबॅगेतच ठेवा. खोली धरताना लिफ्ट आहे का विचारा, नसेल तर आई-बाबांना तळमजला मागा. हॉर्टन प्लेन्स या जवळच्या पठारावरची साधारण ९ किलोमीटरची पायी फेरी तरुणांनी पहाटे ५ ला निघून करावी. वर्ल्ड्स एंडचा कडा सुमारे ९ च्या पुढे ढगात जातो आणि मग पांढऱ्या भिंतीपलीकडे काहीच दिसत नाही. गेटवर प्लास्टिकची वेष्टनं काढायला लावतात, त्यामुळे भडंग डब्यातून न्या.

पुढे नानु ओया ते एल्ला रेल्वे घ्या, सुमारे ३ तास. बॅगांसह गाडी रस्त्याने पाठवा, ती एल्लाला भेटते. राखीव जागा ३० दिवस आधी खुल्या होतात आणि लगेच संपतात. दरडी कोसळल्या की हा मार्ग बंद पडतो, म्हणून आधी गाड्या सुरू असल्याची खात्री करा. बंद असेल तर रस्त्याने जा, वाटेत सीता एलियाचं मंदिर लागतं. आई-बाबांना ते रेल्वेपेक्षा जास्त भावेल. एल्लात १९२१ चा नऊ कमानींचा पूल बघा. शेवटच्या उतारावर मोठी गाडी जात नाही, तीन-तीन जणांनी टुकटुक, म्हणजे रिक्षा करा.

जंगलासाठी ‘याला’ हे प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान नव्हे, उडावलवे. ‘याला’ उद्यानात बिबट्याच्या मागे जीपगाड्यांची रांग लागते, मुलं कंटाळतात. चांदोलीच्या दाट झाडीत जनावर दिसणं किती दुर्मीळ ते आपल्याला माहीत आहे. उडावलवेत उघडं गवताळ रान आणि तलाव आहे, हत्ती जवळपास नक्की दिसतात, पिलांसकट. जीपमध्ये सहसा ६ जण, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. पहाटेची फेरी घ्या. आई-बाबांना चालकामागच्या पहिल्या बाकावर बसवा. मागच्या चाकावरच्या आणि त्यामागच्या बाकावर धक्का सरळ कण्यात जातो. आत उतरता येत नाही, त्यामुळे शौचालय गेटबाहेरच उरका. पासपोर्ट जवळ ठेवा, काही ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना कमी दर असतो. शेजारच्या अनाथ हत्तींच्या केंद्रात पिलांना दूध पाजतात ते लांबून, चौथऱ्यावरून बघता येतं. आंघोळ घालणं, पाठीवर बसणं असलं काही नाही, आणि तेच बरं.

शाकाहारी मंडळींनी हा भाग नीट वाचा. तिथल्या नारळाच्या लाल चटणीत, पोल सांबोलात, बहुतेक वेळा उंबलकडा असतो. उंबलकडा म्हणजे वाळवलेल्या टूना माशाचा चुरा. दिसायला मिरचीच्या भरडीसारखा, भाजीतही पडतो. ‘व्हेज’ म्हटलं तरी स्वयंपाकी त्याला मासा धरत नाही, मसाला समजतो. म्हणून ‘उंबलकडा एपा’, म्हणजे उंबलकडा नको, हे दोन शब्द पाठ करा. परिप्पू म्हणजे आपली मसुरीची आमटी, इंदिआप्पा म्हणजे शेवया, भात मुबलक. शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. ताजी द्राक्षं, बियाणं, कलमं मात्र नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

समुद्राला मुलांसाठी मातऱ्याजवळचं पोल्हेना बरं. प्रवाळाची भिंत लाटा अडवते, पाणी उथळ असतं. मिरिस्साला लाटा जोरात येतात. तिथे एक गोष्ट मुलांना किनाऱ्यावर उभं करून दाखवा: दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, ती जागा सुरक्षित नाही. तिथूनच पाणी आत ओढलं जातं. कुणी ओढला गेलाच तर किनाऱ्याकडे झगडू नये, आडवं पोहत पट्ट्याबाहेर यावं. लाल बावटा असेल तर पाय ओले करण्यापुरतंच. देवमाशांची बोट मी या सहलीतून वगळेन. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, तुम्ही शेवटी जाताय, आणि चार-पाच तास हेलकाव्यात आजी-आजोबांचे हाल होतील.

गाडी २० आसनी कोस्टर (मिनीबस) घ्या. मागची रांग बॅगांनीच भरते. चालकाचा मुक्काम-जेवण, टोल, पार्किंग, इंधन, रोजची किलोमीटर मर्यादा लेखी घ्या, वाद इथेच होतात. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पॅकेजच्या पैशांसोबत घेतला जाणारा आगाऊ कर, द्यावा लागेल. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, फक्त पावती ज्याच्या पॅनवर हवी त्याच्याच खात्यातून पैसे भरा.

तासगाव ते मुंबई टेम्पो ट्रॅव्हलरने आदल्या रात्रीच निघा, खंबाटकी आणि खंडाळ्याचा भरवसा धरू नका. तिकिटावर मुंबई विमानतळ आहे की नवी मुंबई, तेही चालकाला आधी सांगा.